‘कुकर बंद करून येते’ : ऑनलाइन थेरपिस्टबरोबर काम कसं करायचं

डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचके घरात आम्ही चौघं राहतो. मी, नवरा, बारावीतला मुलगा आणि सासूबाई. याच घरात बसून गेल्या दीड वर्षात मी थेरपिस्टबरोबर बावीस सेशन्स केली, सगळी मोबाइलवर. माझ्या थेरपिस्ट सांगलीला असतात. आमची प्रत्यक्ष भेट अजून झालेली नाही.

माझ्या त्रासाला मोठं नाव नव्हतं. पहाटे साडेतीनला जाग यायची, मग डोळा लागायचा नाही. ठाकुर्ली गेलं की लोकलमध्ये उगाच डोळे भरून यायचे. मुलावर अशा गोष्टींसाठी ओरडायचे की नंतर स्वतःचीच लाज वाटायची. कामं सगळी होत होती, डबे वेळेवर भरले जात होते, म्हणून ‘बरं नाही’ असं म्हणायलाही जीभ रेटत नव्हती. आता मैत्रिणी, ऑफिसातल्या मुली, नात्यातला एक भाऊ विचारतात की हे नेमकं करतात कसं. त्यांना तुकड्या-तुकड्यांनी सांगितलेलं सगळं इथे एकत्र लिहिते आहे.

आधी हे तपासा

चिडचिड, कोंडमारा, झोप मोडणं, ऑफिसचा ताण घरी येणं, एखादी गोष्ट मनाला लागून राहणं, नात्यातली ओढाताण, जवळचं माणूस गेल्यानंतरची पोकळी. असा त्रास दोन आठवड्यांहून जास्त टिकला आणि रोजच्या वागण्यात दिसू लागला की मदत घ्यायला तेवढं कारण पुरेसं आहे. अजून बिघडायची वाट बघू नका.

त्याआधी एकदा नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. थकवा, उदासी, चिडचिड यांच्यामागे कधीकधी यांतलं काहीतरी असतं. माझं बी-१२ खाली गेलेलं निघालं. गोळ्यांनी थकवा कमी झाला, पहाटेची जाग मात्र राहिली. मग कळलं की उरलेलं काम वेगळ्या ठिकाणी करायचं आहे.

काही गोष्टींसाठी आठवड्याच्या ऑनलाइन सेशनची वाट बघत थांबू नये. जीव द्यावासा वाटत असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर आत्ताच फोन उचला. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जिवाला लगेच धोका असेल तर ११२. नसलेले आवाज ऐकू येत असतील, किंवा रोजची दारू अचानक सोडल्यावर हातपाय थरथरत असतील, तर थेट मानसोपचारतज्ज्ञ किंवा रुग्णालय गाठा. घरात मारहाण होत असेल तर आधी सुरक्षिततेचं बघा. महिलांसाठी १८१ हा नंबर आहे. मारणारा माणूस बाहेरच्या खोलीत बसलेला असताना आत मोबाइलवर मोकळेपणाने बोलता येत नाही.

टेली-मानस रोजच्या ताणासाठीही वापरता येते, आणि पैशांची अडचण असेल तर सुरुवात तिथूनच करावी. फक्त दर आठवड्याला तोच माणूस मिळेल असं धरून चालू नका. माझ्यासारखं महिनोन्महिने एकाच व्यक्तीबरोबर बसायचं असेल तर आपला थेरपिस्ट शोधावा लागतो.

कोण कोण असतं आणि कुणाला काय विचारायचं

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट. ते एमबीबीएस करून पुढे मानसोपचार शिकलेले डॉक्टर असतात आणि औषध लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत. ते बोलण्यातून आणि चाचण्यांमधून काम करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. ही परिषद १९९२च्या कायद्याने चालते आणि तिचा नोंदणी क्रमांक मागितला तर नीट शिकलेल्या माणसाला राग येत नाही. तिसरे समुपदेशक म्हणजे काउन्सेलर. मानसशास्त्रात एमए किंवा एमएससी केलेले, अनुभवी, फार चांगलं काम करणारे समुपदेशक आहेत. माझ्या थेरपिस्ट त्यांतल्याच. पण ‘काउन्सेलर’ ही पाटी लावायला आजही फारशी अडकाठी नाही, आठ दिवसांचा कोर्स करूनही कुणी ती लावतं. म्हणून विचारावं लागतं.

मी हे विचारलं होतं: शिक्षण काय आणि कुठून? किती वर्षं काम करता? माझ्यासारख्या त्रासावर कोणत्या पद्धतीने काम करता? तुमच्या कामाबद्दल तुम्ही कुणा ज्येष्ठांचा सल्ला घेता का? सेशन रेकॉर्ड होतं का? टिपणं कुठे ठेवता? मधल्या दिवसांत मेसेज केला तर चालतो का? पहिल्या फोनवर या सगळ्याची शांतपणे उत्तरं देणारा माणूस पुढेही नीट वागतो, असा माझा अनुभव आहे.

शोधायचं कुठे? मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा २०१२ पासून फोन आणि ईमेलवरून समुपदेशन करते. ठाण्याची आयपीएच, म्हणजे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था, मराठी घरांत परिचयाची आहे. तुमच्या कंपनीत मोफत सेशन्सची सोय असेल तर ती जरूर वापरा, पण आधी विचारून घ्या की एचआरकडे नाव जातं का, की नुसता आकडा जातो.

खाजगी सेशन साधारण ४५ ते ६० मिनिटांचं असतं. मी विचारलं तिथे फी ८०० ते २००० रुपयांच्या मध्ये होती. परवडत नसेल तर ‘फी कमी होऊ शकते का’ असं सरळ विचारा. बरेच जण काही जागा कमी फीत ठेवतात, पण विचारल्याशिवाय ते कळत नाही. दहा सेशन्सचं पॅकेज पहिल्याच दिवशी घेऊ नका.

पहिला मेसेज

पहिला मेसेज लिहायला मला तीन आठवडे लागले. लिहायचे आणि पुसायचे. शेवटी गेला तो असा होता, हवा तर तसाच्या तसा घ्या:

‘नमस्कार मॅडम. मी डोंबिवलीहून लिहिते आहे, वय ४३. तीन-चार महिन्यांपासून पहाटे झोप मोडते, घरात फार चिडचिड होते, वडील गावी एकटे असतात त्याची काळजी डोक्यातून जात नाही. आत्महत्येचे विचार नाहीत. मनासाठी कुठलं औषध चालू नाही. मराठीत बोलायला आवडेल. गुरुवारी किंवा शनिवारी रात्री ८ नंतर वेळ मिळेल का? फी किती, आणि रद्द करायचं झालं तर किती आधी कळवायचं?’

एवढं पुरतं. आयुष्याची कहाणी मेसेजमध्ये लिहू नका, ती सांगायला वेळ मिळणारच आहे.

दार लावून बसायची जागा

ऑनलाइन थेरपीची माहिती देणारे इंटरनेटचा स्पीड, हेडफोन वगैरे सांगतात. आपल्याकडच्या घरांत खरी अडचण जागेची असते. ज्यांच्याबद्दल बोलायचं ती माणसं भिंतीपलीकडे बसलेली असतात, आणि भिंत पातळ असते.

इअरफोनमुळे थेरपिस्टचा आवाज लपतो, आपला लपत नाही. हे मला दुसऱ्या सेशनला समजलं. मी आत ‘आईंचं मला असं होतं की’ म्हणाले आणि बाहेर भांड्यांचा आवाज थांबला. पुढची पंचवीस मिनिटं मी फक्त ऑफिसबद्दल बोलले. हजार रुपये गेले त्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते तोंडाशी आलेलं परत गिळावं लागलं याचं.

मग आम्ही घडी बसवली. सेशन गुरुवारी रात्री सव्वाआठला, कारण तेव्हा सासूबाईंची मालिका लागते आणि टीव्हीचा आवाज मोठा असतो. बेडरूमच्या दाराच्या फटीला जुनी चादर. टेबलफॅन दाराकडे तोंड करून चालू, म्हणजे आपलं बोलणं बाहेर विरतं. मी दारापासून लांब, खिडकीकडे. मोबाइल तांदळाच्या छोट्या डब्याला टेकवलेला, कारण हातात धरला की दहाव्या मिनिटाला हात दुखतो आणि लक्ष तिकडे जातं. नवरा त्या पाऊण तासात स्वयंपाकघर सांभाळतो.

आणि एक खुणेचं वाक्य. ही युक्ती थेरपिस्टनीच सुचवली. कुणी खोलीत आलं तर मी म्हणायचं, ‘थांबा हं, कुकर बंद करून येते.’ ते ऐकलं की त्या विषय बदलतात किंवा गप्प बसतात, आणि मी पुन्हा ‘हं, बोला’ म्हणेपर्यंत थांबतात. दीड वर्षात हे वाक्य चार-पाच वेळाच लागलं. पण ते हाताशी आहे म्हटल्यावर माझे खांदे सैल झाले. तुमच्या घरात शोभेल असं वाक्य पहिल्याच सेशनला ठरवून टाका.

घरात अजिबात जमत नसेल तर बाहेर बघा. माझी एक मैत्रीण सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसते, काचा वर करून. ऑफिसातली एक मुलगी जेवणाच्या सुट्टीत छोटी मीटिंग रूम घेते. दुसरी एक जण मावशीच्या रिकाम्या फ्लॅटची चावी घेऊन जाते. गच्ची मात्र मला पटत नाही. रेंज चांगली असते, पण शेजारच्या काकू वाळवण उचलायला कधी येतील त्याचा नेम नाही, आणि एक कान जिन्याकडे ठेवून मनातलं बोलता येत नाही. गाडी चालवताना किंवा लोकलमधून सेशन करू नका. चांगले थेरपिस्ट स्वतःच नकार देतात.

घरी सांगायचं का? माझं मत असं की घरात किंवा घराबाहेर एका माणसाला तरी माहीत असावं. सगळ्यांना सांगायची गरज नाही. सासूबाईंना मी एवढंच म्हटलं, ‘आई, गुरुवारी सव्वाआठ ते नऊ माझं एक काम असतं, दार लावून बसते.’ त्यांनी दोन गुरुवार विचारलं, तिसऱ्यापासून त्याच मुलाला सांगू लागल्या, ‘आईचं काम चाललंय, आत जाऊ नकोस.’

गुपित ठेवायचं असेल तर बारीकसारीक गोष्टी आधी बघून ठेवा. जॉइंट खात्यातून फी गेली की दोघांच्या मोबाइलवर मेसेज येतो. टीव्हीला जोडलेल्या घरच्या टॅबवर तुमच्या ईमेलची सूचना उमटू शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर तेवढं एक संभाषण लॉक करता येतं. स्क्रीनवरचा स्वतःच्या चेहऱ्याचा चौकोनही लपवून टाका. रडताना स्वतःकडे बघत बसलं की रडू थांबतं, आणि कधीकधी ते थांबायला नको असतं. कॉल तुटला तर कोणी कोणाला लावायचा, तेही आधी ठरवा. नाहीतर नेमक्या जड क्षणी दोघं एकमेकांना लावत बसतात आणि दोन्हीकडे एंगेज लागतो.

पहिलं सेशन

त्यात गाडी फार पुढे जात नाही. नाव, घरचे कोण, झोप, भूक, आधीचे आजार, आत्ता कुठे बसला आहात त्याचा पत्ता, अडीअडचणीला कोणाला फोन करायचा. पत्ता का विचारतात असं मला वाटलं होतं. शंभर कोसांवरचा माणूस संकटात पडला तर मदत कुठे पाठवायची, त्यासाठी तो लागतो. खरा द्या.

गुप्ततेबद्दल नीट ऐकून घ्या. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक उपचारांच्या माहितीच्या गुप्ततेचा हक्क दिला आहे आणि त्याला काही अपवादही आहेत. कुणाच्या जिवाला धोका असेल तर तो टाळण्यापुरती माहिती सांगितली जाऊ शकते. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे अपवाद थेरपिस्टनी स्वतःहून सांगायला हवेत. नाही सांगितले तर विचारा.

काही जण पहिल्याच वेळी प्रश्नावली भरून घेतात. पीएचक्यू-९ या उदासी मोजणाऱ्या प्रश्नावलीत नऊ प्रश्न असतात, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकाला ० ते ३ गुण. माझे तेव्हा २७ पैकी ११ आले होते. हा आकडा म्हणजे थर्मामीटर समजा. ताप किती आहे ते कळतं, कशाचा आहे ते शोधावं लागतं.

पहिल्या सेशनला सगळं सांगायचं बंधन नाही. ‘याबद्दल आज नको’ हे वाक्य वापरा. मी ते आईच्या आजारपणाबद्दल वापरलं होतं, आणि सातव्या सेशनला तो विषय मीच काढला.

प्रसंग घेऊन जा

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पहिली चार सेशन्स वाया गेली नसती. मी निकाल घेऊन जायचे. ‘मी फार चिडकी झाले आहे.’ ‘मला कुणी समजून घेत नाही.’ ‘माझं सगळ्यांशी बिनसतं.’ यावर कोणी काय काम करणार? त्या विचारायच्या, म्हणजे कसं? मी आणखी एक निकाल सांगायचे.

पाचव्या वेळी त्या म्हणाल्या, ‘गेल्या आठवड्यातलं एकच भांडण सांगा. दिवस, वेळ, कोण कुठे उभं होतं, कोण काय म्हणालं. तुमचं मत शेवटी सांगा.’

मी रविवारची रात्र सांगितली. साडेनऊ वाजले होते. मुलाने फ्रिजमधली पाण्याची बाटली काढली, प्यायला, आणि झाकण न लावता ओट्यावर ठेवली. मी त्याला इतकं बोलले की तो न जेवता आत निघून गेला.

‘त्याच्या आधी काय झालं होतं?’

‘काही नाही. अण्णांचा फोन झाला होता. रोजचाच.’ अण्णा म्हणजे माझे वडील.

‘अण्णा काय म्हणाले?’

‘म्हणाले, जेवलो गं बाई मी. तू नको काळजी करू.’

‘तुम्हाला काय ऐकू आलं?’

मी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हटलं, ‘एकटाच जेवलो, असं ऐकू आलं.’

‘ते तसं म्हणाले?’

‘नाही.’

‘आणि बाटली उघडी आहे हे तुम्हाला कधी दिसलं? फोनच्या आधी की नंतर?’

बाटली आधीपासून उघडीच होती. फोन चालू असताना ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला तिचं काहीच वाटलं नव्हतं. फोन ठेवला, आणि मग ती दिसली.

त्या दिवसापासून काम सुरू झालं असं मी धरते. कराडच्या घरात एकटे बसलेले अण्णा, ‘चांगली मुलगी असती तर वडील एकटे राहिले नसते’ हे माझ्या मनात पक्कं बसलेलं वाक्य, आणि माझ्या हाताशी सापडणारा मुलगा. ‘मी चिडकी आहे’ म्हणत राहिले असते तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

म्हणून सेशनला जाताना एकच प्रसंग न्या, शक्यतो त्याच आठवड्यातला. तो मोठा असायची गरज नाही. माझे सर्वांत उपयोगी पडलेले प्रसंग म्हणजे एक उघडी बाटली, ऑफिसच्या ग्रुपवर कुणीच उत्तर न दिलेला माझा मेसेज, आणि हळदीकुंकवाला एका बाईंनी विचारलेलं ‘तुझ्या वडिलांकडे कोण असतं गं?’ शब्द आठवतील तसेच्या तसे लिहून ठेवा. ‘त्या टोमणा मारतात’ असं लिहू नका. टोमणा काय होता ते लिहा. शरीरात कुठे काय झालं तेही टिपा: घशात आवंढा, छातीत धडधड, कानशिलं गरम. सल्ला मागायची घाईही करू नका. मी पहिले दोन महिने ‘मग मी काय करू?’ हेच विचारत होते. अण्णांना इकडे आणावं की नाही याचं उत्तर थेरपिस्टकडे नसतं. ते उत्तर शोधताना मी कशाला घाबरते, हे त्यांच्यामुळे दिसू लागतं.

कोणत्या भाषेत रडायचं

मी दिवसभर ऑफिसात इंग्रजीत ईमेल लिहिते, आणि मला आधी वाटलं होतं की थेरपी इंग्रजीत सोपी जाईल. मुंबईतल्या एका थेरपिस्टबरोबर तीन सेशन्स तशी केलीही. मला सगळं सांगता येत होतं, पण सांगताना काहीच होत नव्हतं. जणू दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट वाचून दाखवत होते.

सांगलीच्या मॅडमकडे मी पहिल्यांदा ‘गिल्ट’ म्हटलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘याला घरी काय म्हणाल?’ मी ‘अपराधी वाटतं’ म्हटलं. त्या म्हणाल्या, अपराध काय केला? काहीच नव्हता केला. मग शब्द सापडला: रुखरुख. अपराधाला माफी मागावी लागते, रुखरुखीला कदाचित महिन्यातून दोन शनिवार-रविवार कराडला जाणं पुरेल. नुसत्या शब्दाने पुढचा रस्ता बदलला.

आपल्याकडे असे शब्द भरपूर आहेत. ‘अँक्झायटी’ या एका शब्दाखाली आपण धास्ती, हुरहुर, घालमेल, धाकधूक सगळं कोंबतो. निकालाच्या आदल्या रात्री धाकधूक असते, मूल परगावी गेलं की हुरहुर, आणि दोन्हीकडून ओढलं जातं तेव्हा घालमेल. तुमच्या घरात, तुमच्या गावात जो शब्द असेल तो वापरा. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, जे आतून येतं ते. थेरपिस्टना कळला नाही तर त्या विचारतील, आणि समजावताना तुम्हालाही तो नीट कळेल. इंग्रजीतच मोकळं वाटत असेल तर इंग्रजीत बोला, त्यात कमीपणा काही नाही. काही मुलींना मराठीत लैंगिक विषय बोलताच येत नाहीत, इंग्रजीत येतात. भाषा मध्येच बदलली तरी चालते.

मधले सहा दिवस

सेशन संपलं की लगेच दार उघडू नका. दहा मिनिटं हातात ठेवा. मी खिडकीशी बसून वहीत तीन-चार ओळी लिहिते आणि तोंड धुऊन बाहेर येते. पहिल्या महिन्यात मी सेशन संपल्या संपल्या पोळ्या लाटायला जायचे आणि हमखास कुणावर तरी खेकसायचे.

वही साधी दोनशे पानी. त्यात आठवड्यातून दोन-तीनदा एक पान भरायचं. माझ्या थेरपिस्ट विवेकनिष्ठ पद्धतीने काम करतात. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली ती मांडायला सुरुवात केली आणि मराठीत ती कि. मो. फडके यांनी रुजवली. मूळ कल्पना समजायला सोपी आहे, वागण्यात आणायला अवघड: घटना आणि आपली भावना यांच्या मध्ये आपली एक समजूत बसलेली असते. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

घटना: बुधवार, रात्री ९:४०. अण्णांनी फोन उचलला नाही, दोनदा.
मनात आलं: पडले असतील. मी तिथे नाही. मी मुलगी म्हणून कमी पडले.
भावना: धास्ती ८०, रुखरुख ७०. (शंभरपैकी)
काय केलं: शेजारच्या काकांना फोन. मग मुलावर ओरडले.
खरं काय होतं: अण्णा देवळात कीर्तनाला गेले होते.
दुसऱ्या कोणत्या शब्दांत म्हणता आलं असतं: फोन उचलला नाही म्हणजे एवढंच कळलं की फोन उचलला नाही. अर्ध्या तासाने पुन्हा लावते. काळजी वाटणार, वाटू दे.
नंतर: धास्ती ४०, रुखरुख ५०.

आकडा शून्यावर यायला हवा असा हट्ट धरू नका. ऐंशीचे चाळीस झाले तर मुलाचं जेवण वाचतं.

गृहपाठ झाला नाही तर तसं सांगा. सेशन रद्द करून लपू नका. मी दोनदा असं केलं. तिसऱ्यांदा सांगितलं की वही उघडावीशीच वाटत नाही, आणि ते सेशन ‘का उघडावीशी वाटत नाही’ यावरच झालं. फार चांगलं झालं.

जमत नसेल तर

पहिल्या थेरपिस्टशी सूर जुळला नाही म्हणजे थेरपी आपल्यासाठी नाही, असा अर्थ काढू नका. तीन-चार सेशन्स द्या. सुरुवातीला अवघडल्यासारखं होणं, रडून थकवा येणं, हे चालायचंच. पण काही गोष्टी खपवून घेऊ नका. मी इंग्रजीत ज्यांच्याशी बोलत होते त्या मध्येच खाली बघून मोबाइलवर टाइप करायच्या. चष्म्यात उजेड हलताना दिसायचा. मी बोलले नाही, नुसती जायची बंद झाले. आज असते तर म्हटलं असतं, ‘तुम्ही दुसरं काही बघता आहात असं मला वाटतं, आणि मग मला पुढे बोलता येत नाही.’ यावर ते काय करतात त्यावरून राहायचं की निघायचं ते ठरवा.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर मात्र थेट निघा. इतर क्लायंटच्या गोष्टी ओळखू येतील अशा सांगणं. पहिल्या भेटीत ‘नवऱ्याला सोडा’ किंवा ‘लग्न करून टाका, सगळं ठीक होईल’ म्हणणं. पत्रिका मागणं. सहा सेशन्समध्ये बरं करण्याची हमी. डॉक्टरांनी दिलेली औषधं बंद करायला सांगणं. रात्री-अपरात्री वैयक्तिक मेसेज. जात, धर्म किंवा समलैंगिकता यावरून शेरे.

थेरपिस्ट बदलताना निरोप द्या, दोन ओळींचा का होईना. ‘माझी गरज वेगळी आहे असं वाटतं, म्हणून थांबते आहे’ एवढं पुरतं. कारणं देत बसायची गरज नाही.

कधी थेरपिस्ट स्वतःच सांगतात की एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. घाबरू नका. माझ्या आतेभावाला चौथ्या सेशनला असं सांगितलं गेलं. त्याने काही महिने औषध घेतलं, सेशन्सही चालू ठेवली, आणि दोन्ही मिळून त्याची गाडी रुळावर आली.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी दोन गोष्टी. अमेरिकेत थेरपिस्टचा परवाना राज्यागणिक असतो, म्हणून तिथला थेरपिस्ट घेताना तुमच्या राज्यात त्याला काम करता येतं का ते विचारा. भारतातल्या थेरपिस्टशी मराठीत बोलणारे खूप जण आहेत, पण तातडीच्या वेळी ते तुमच्या दारी कुणाला पाठवू शकत नाहीत. तिथला एक नंबर आणि एक माणूस आधीच ठरवून ठेवा. आणि घड्याळ बघा: न्यूयॉर्क आणि भारत यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर असतं, हिवाळ्यात साडेदहा. मार्च आणि नोव्हेंबरमधलं एकेक सेशन यातच चुकतं.

कधी थांबायचं

दर सहा सेशन्सनी एकदा विचारा, ‘आपण कुठवर आलो?’ त्यांनी नाही काढला तर तुम्ही विषय काढा. आम्ही सुरुवातीला दर आठवड्याला भेटत होतो, मग पंधरा दिवसांनी, आता महिन्यातून एकदा. मध्ये पुन्हा पीएचक्यू-९ भरली, ४ आले. पण मला जास्त खरी वाटलेली खूण वेगळी होती. एका रविवारी अण्णांचा फोन ठेवला, ओट्यावर बाटली उघडी होती, आणि मी झाकण लावलं. मुलाला हाक मारून जेवायला बसवलं. नंतर लक्षात आलं की आपण ओरडलो नाही.

पुढच्या महिन्यात बहुतेक शेवटचं सेशन. त्यासाठी मॅडमनी वहीच्या मागच्या पानावर एक यादी करायला सांगितली आहे: पुन्हा बिघडायला लागलं तर मला सगळ्यात आधी कशावरून कळेल? मी आत्तापर्यंत तीन गोष्टी लिहिल्या आहेत. पहाटेची जाग सलग पाच दिवस. ठाकुर्लीला डोळे भरणं. अण्णांचा फोन आल्यावर उचलायच्या आधी एक मोठा श्वास घ्यावा लागणं. चौथी सासूबाईंनी सांगितली. काय काम असतं ते त्यांना आता माहीत आहे. म्हणाल्या, ‘तू भांडी आपटायला लागलीस की मला कळतं.’ तीही लिहून घेतली. यांतल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर थांबायचं नाही, त्याच नंबरवर मेसेज करायचा, असं आमचं ठरलं आहे.